स्लॅबवरचा पत्रा

दापोली सोडून आमच्या गावाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंची नवी घरं एकदा नीट बघा. खाली आरसीसीचे कॉलम, वर सपाट स्लॅब, कडेने स्टीलचं चकचकीत रेलिंग, आणि त्या स्लॅबच्याही वर लोखंडी पाइपांवर उभा केलेला निळा किंवा लाल पत्रा. घर चार-पाच वर्षांचं झालं असेल तर पत्रा जवळपास ठरलेला. स्लॅब गळतो, म्हणून पत्रा. म्हणजे उतरतं कौलारू छप्पर पाडून सपाट छप्पर केलं, आणि मग त्या सपाट छपरावर पुन्हा उतरतं छप्पर चढवलं. दोन्ही छपरांचे पैसे एकाच घराने भरले. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मिलिमीटर ही काय भानगड आहे हे माहीत नसलेल्या माणसालाही हे माहीत आहे, तरीसुद्धा.

टिंगल म्हणून सांगत नाहीये. आमच्या घराचाही असाच आराखडा कागदावर तयार होता. २०२२च्या दिवाळीत कंत्राटदार आमच्या ओटीवर बसून चहा घेत म्हणाला, "यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. जेसीबी लावू, दोन दिवसांत जागा मोकळी." अठराशे स्क्वेअर फूट, २१०० रुपयांचा रेट, एकूण ३७ लाख ८० हजार. तो बोलत होता बाबांशी, बघत होता काकांकडे. मी दोन-तीन प्रश्न विचारल्यावर त्याने विचारलं, "ताई इंजिनीअर का? सिव्हिल?" म्हटलं, नाही, कॉम्प्युटर. "हां," म्हणाला. त्या 'हां'नंतर पुढचा अर्धा तास त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा मला उत्तर देता येईल एवढं काही कळतही नव्हतं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना सिव्हिलचा एक पेपर असायचा, तो मी आदल्या रात्री वाचून पास झाले होते. त्यात सिमेंटच्या ग्रेड होत्या, काँक्रीटचं मिश्रण होतं. मातीची भिंत कशी वागते याबद्दल एक ओळ नव्हती. पुढे सिव्हिल केलेल्या दोन मित्रांना फोन केले, त्यांच्या चार वर्षांतही नव्हती. ज्या राज्यात अजून इतकी माणसं मातीच्या, दगडाच्या, चुन्याच्या भिंतींमागे झोपतात तिथे इंजिनीअर घडवताना त्या भिंती जणू अस्तित्वातच नाहीत असं धरून चालायचं, आणि मग तोच इंजिनीअर येऊन सांगणार, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. बरोबरच आहे. त्याला येत नाही, म्हणून नाही.

घर माझ्या पणजोबांनी बांधलेलं. साल कुणालाच माहीत नाही. आजी लग्न होऊन आली १९५६ साली, तेव्हाही ते जुनंच होतं. जोतं जांभ्याच्या चिऱ्याचं, भिंती मातीच्या, खांब-वासे ऐन आणि किंजळीचे, वर मंगलोरी कौलं. पुढे पडवी, ओटी, मग माजघर, बाजूला देवाची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि मागल्या दाराबाहेर न्हाणी. संडास त्याहून पलीकडे, फणसाखाली, दारापासून चाळीस पावलांवर. चाळीस हा आकडा मी नंतर मोजलेला आहे. २०१५च्या जुलैत आजी रात्री तिकडे जाताना चिऱ्याच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला डोंबिवलीला आणली. ती परत गेली नाही. घराला कुलूप लागलं ते तेव्हा.

म्हणजे भिंती शाबूत होत्या, छप्पर शाबूत होतं. घर बंद पडलं ते एका संडासामुळे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही मला भांडायचं आहे.

दुसरी बाजू म्हणजे आपणच. हे वाचणारे, लिहिणारे. मे महिन्यात आठ दिवस गावी जाऊन शेणाने सारवलेल्या जमिनीचे फोटो टाकणारे. गावातल्या कुणी जुनं घर पाडलं की हळहळणारे. मी स्वतः त्यातली. दुरुस्तीचं ठरलं तेव्हा माझ्या वहीत पहिली ओळ होती: माजघराची जमीन शेणाचीच ठेवायची. आईला दाखवली. ती म्हणाली, "सारवणार कोण?" मी म्हटलं, बाई लावू. ती म्हणाली, "तिचे गुडघे लोखंडाचे आहेत का?" विषय तिथे संपला. माजघरात आता शहाबादी फरशी आहे.

आणि जुन्या घराच्या नकाशात फक्त पागोळ्या आणि गारवा नसतो. आमच्या मागच्या पडवीत एक कोपरा आहे, तीन दिवस बाईने बसायचा. बाळंतिणीची खोली घरातली सगळ्यात अंधारी खोली, तिला खिडकीच नव्हती. स्वयंपाकघराचं धुराडं म्हणजे कौलांच्या फटी. संडास लांब, कारण विटाळ. ही सगळी 'पारंपरिक वास्तुरचना'च आहे आणि ती जपायची नाहीये. ज्यांना जपायची आहे त्यांनी आधी एक अख्खा जुलै तिथे काढावा, रात्री दोनला छत्री घेऊन चाळीस पावलं चालावी, आणि मग लेख लिहावा.

शिवाय जपायचं म्हणजे नेमकं काय? आमच्या कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा ठसा आहे. ही कौलं बनवण्याचा पहिला कारखाना तिथे १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या मिशनऱ्यांनी काढला. त्याआधी आपल्याकडे होते कुंभाराने हाताने घडवलेले नळे, नाहीतर गवत आणि झापं. म्हणजे आपण ज्याला कोकणचं पारंपरिक छप्पर म्हणून कॅलेंडरवर छापतो ते साच्यातून निघालेलं, जहाजाने आलेलं, एकेकाळचं एकदम आधुनिक उत्पादन आहे. पणजोबा वारसा जपत नव्हते. हातात चार पैसे आल्यावर ते त्यांच्या काळातली सगळ्यात चांगली वस्तू घरावर चढवत होते. फक्त ती वस्तू इथल्या पावसाला लागू पडली. आमच्या पिढीने निवडलेली लागू पडत नाहीये, एवढाच फरक, पण तो सदतीस लाखांचा आहे.

आता 'पक्कं' या शब्दाकडे येते, कारण खरा घोळ तिथे आहे. काका म्हणाले, "एकदाच काय ते पक्कं करून टाकू." शेजारी म्हणाले, आता पक्कं करा. पक्कं म्हणजे सिमेंट, हे इतकं मुरलेलं आहे की कुणी विचारत नाही. गंमत अशी की २०१६पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणच्या आराखड्यात पक्क्या घराची व्याख्या दिलेली आहे: नेहमीची वापराची आणि हवामानाची झीज सोसून, वाजवी देखभाल केली तर किमान तीस वर्षं टिकेल असं घर. व्याख्येत सिमेंटचं नाव नाही. या हिशोबाने आमचं घर दोनदा पक्कं ठरून तिसऱ्यांदा ठरायच्या बेतात होतं. आणि 'वाजवी देखभाल' हे शब्द सरकारी बाबूने लिहिलेले असूनही मला फार आवडतात. स्लॅब विकणारा तुम्हाला विकतो ते नेमकं उलटं: एकदा करा आणि विसरा. या हवेत विसरता येईल असं काहीच बनत नाही. खारा वारा आणि दमट हवा काँक्रीटमधून हळूहळू आत शिरते, सळईला गंज धरतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट खपली पडावी तसं पडतं. किनाऱ्यालगतच्या वीस-पंचवीस वर्षांच्या कुठल्याही इमारतीच्या गॅलरीखाली उभं राहून वर बघा. कौल फुटलं तर एक कौल बदलता येतं. सळई गंजली तर काय बदलणार?

आमच्याच घरात याचा पुरावा होता. नव्वदच्या दशकात कधीतरी आजोबांनी, घर जरा 'पक्कं' व्हावं म्हणून, पश्चिमेच्या मातीच्या भिंतीला आतबाहेर सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. सगळ्यात वाईट अवस्था त्याच भिंतीची. मातीची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि वाऱ्यावर ते सोडूनही देते. सिमेंटने तोंड दाबलं की पाणी आत अडकतं, बाहेर पडायला वाट नाही म्हणून वर चढतं, माती आतल्या आत मऊ होते, आणि एक दिवस गिलावा पापुद्र्यासारखा मातीसकट निघून येतो. कंत्राटदाराने बोटाने उकरून जो 'बघा, भिंत संपलेली आहे' म्हणून दाखवला तो भाग हाच. ज्या तीन भिंतींना कुणी पक्कं केलं नव्हतं त्या ठणठणीत होत्या.

माझ्या धंद्यात याचे दाखले रोज मिळतात. नेटस्केपने जुना कोड टाकून ब्राउजर शून्यातून लिहायला घेतला. चारनंतर एकदम सहावी आवृत्ती आली, मध्ये तीन वर्षांहून जास्त काळ गेला आणि तेवढ्यात बाजार हातचा गेला. यावर जोएल स्पोल्स्कीने २००० साली लिहिलेला लेख आम्ही सगळे नोकरीच्या पहिल्या वर्षात वाचतो. मुद्दा साधा आहे: जुन्या कोडमधली जी ओळ विचित्र दिसते ती बहुधा कुणीतरी रात्री दोनला केलेली दुरुस्ती असते. आमच्या पडवीचं छप्पर इतकं खाली उतरतं की बाबांना वाकून आत यावं लागतं. कंत्राटदाराला ते 'एलिव्हेशन'साठी कापायचं होतं. ते तेवढं खाली आहे म्हणून तर सत्तर-ऐंशी पावसाळे भिंतीला थेट पाणी लागलेलं नाही! अर्थात जुन्या कोडमध्ये बगही असतात, आणि मागच्या पडवीतल्या कोपऱ्याला फीचर म्हणायची माझी तयारी नाही. प्रत्येक ओळ वाचावी लागते. पाडणाऱ्याला आणि पूजणाऱ्याला, दोघांनाही नेमका वाचण्याचाच कंटाळा असतो.

बाबांचा मुद्दा मात्र मी उडवून लावू शकत नव्हते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडचीही दैना करून गेलं. आमची अर्धी कौलं गेली. नंतरचे तीन पावसाळे घराने ताडपत्रीखाली काढले, आणि वासे कुजले ते त्यात. "स्लॅब असता तर उडाला असता का?" बाबा विचारायचे. नसता उडाला. हे मान्य करावंच लागतं. पण कौलं उडाली ती कौलं होती म्हणून की नुसती ठेवलेली होती म्हणून? वारा पडवीतून आत शिरला आणि खालून उचलून गेला. पत्रेही उडाले, आणि मैलभर जाऊन पडले. आम्ही केलं ते असं: कुजलेले वासे बदलले, प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने खालच्या भालाला बोल्ट मारून जखडला, कडेच्या आणि आढ्याजवळच्या दोन-दोन ओळींतली कौलं तारेने रिपांना बांधली. खर्च ६४ हजार. पुढचं निसर्ग आलं तर हे पुरेल का? सगळं नाही पुरणार, बरंचसं पुरेल. स्लॅबही बिचारा वादळासाठी चांगला आहे आणि उरलेल्या वर्षभरासाठी वाईट. मेमध्ये तो दिवसभर तापतो आणि रात्री ते सगळं ऊन तुमच्या पलंगावर सोडतो.

स्लॅबशी माझं वैर नाही, आम्हीही एक घातला. मागे, न्हाणी पाडून तिथे. नवं स्वयंपाकघर, दोन बाथरूम-संडास, आणि एक खोली, जांभ्याच्या चिऱ्यात. बाथरूमवर हजार लिटरची टाकी बसणार, म्हणजे पाण्याचंच एक टन वजन, ते कौलांवर ठेवता येत नाही. स्लॅब केला तो लॉरी बेकर केरळात करत तसा: स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट फारसं काम करत नसतं, तिथे जुनी कौलं भरायची, सिमेंट आणि लोखंड दोन्ही कमी लागतं. वादळातून वाचलेली पण मागची खुंटी तुटल्यामुळे रिपेवर न बसणारी दोनशेच्या वर कौलं आमच्याकडे पडून होती, ती त्यात गेली. गवंड्याला हा प्रकार वेडेपणाचा वाटला. सेंट्रिंग काढल्यावर खालून नक्षी दिसली तेव्हा त्याने मोबाइलवर फोटो काढले, पण मत बदललं असं म्हणाला नाही.

जुन्याला नवं जोडताना एक गोष्ट मात्र कुणीतरी आधी सांगायला हवी होती. कंत्राटदाराच्या आराखड्यात नवे कॉलम जुन्या जोत्याला चिकटून होते. म्हणजे जोत्याशेजारी पाच फूट खड्डे. जोतं सुटायला एक पावसाळा पुरला असता. आम्ही चार फूट अंतर सोडलं आणि मध्ये झाकलेला बोळ काढला. नवं बांधकाम आपल्या गतीने खचणार, जुनं आपल्या गतीने बसून चुकलेलं, दोघांना एकत्र बांधलं की भेग जाणारच. या बोळावरची पन्हळ मी चुकवली. जुनं छप्पर आणि नवा स्लॅब दोन्हींचं पाणी एकाच पन्हळीत येणार हे लक्षात घेऊन ती रुंद करायला हवी होती. पहिल्याच जुलैत पाणी उलटून बोळात आलं. काकांनी व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि फक्त "हं" म्हणाले. त्यांचा तो हक्क आहे. सामायिक घर, त्यांची सही मिळायला वर्ष गेलं होतं.

एकूण खर्च २७ लाख ४० हजार. नव्यापेक्षा दहा लाखांनी स्वस्त पडलं, पण कंत्राटदार आठ महिन्यांत चावी देणार होता, आम्हाला चौदा लागले, माझ्या दोन वर्षांच्या सगळ्या रजा त्यात गेल्या आणि बाबांशी तीन वेळा अबोला झाला. ज्या घरात लॅपटॉपवर काम करणारं कुणी नाही, रजा नाही, हाताशी पैसा नाही, त्यांनी हे करावं असं मी कुठल्या तोंडाने सांगू? शेजाऱ्याने पाडलं तर त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. नावं ठेवायची ती ज्यांनी दुरुस्ती अवघड करून ठेवली आहे त्यांना.

कर्जासाठी गेले तर बँकेच्या मूल्यमापकाने मातीच्या भिंतींची किंमत शून्य लिहिली. पाडून बांधा, लगेच देतो. आयकराचा फॉर्म बघा. जुन्या करप्रणालीत, स्वतः राहायचं घर विकत घ्यायला किंवा बांधायला काढलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट, आणि आहे ते घर दुरुस्त करायला काढलेल्या कर्जावर ३० हजार. दर जानेवारीत ऑफिसात हा फॉर्म भरताना इतकी वर्षं ही ओळ मी वाचलीच नव्हती. सरकारने आकड्यांत लिहून ठेवलं आहे की दुरुस्ती ही हौस आहे. वर भिंत शून्य, कॉलेजात ती शिकवत नाहीत, चुना जाणणारा गवंडी शोधायला मला तीन तालुके फिरावे लागले, कारण त्याच्या कामाला कुठल्या अंदाजपत्रकात रकाना नाही. आणि मग म्हणायचं, लोकांनाच स्लॅब हवा असतो. हवा असतो म्हणजे काय? दुसरं काही दुकानात ठेवलंच कुठे आहे?

आईबाबा गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून तिथे राहतात. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी पाडली, छपरात काचेची चार कौलं बसवली, तिथे आई शिवणयंत्र घेऊन बसते. रात्री उठलं तर अकरा पावलं, सगळी कोरडी, भिंतीला धरायला दांडा. पश्चिमेची भिंत खरवडून चुन्याने केली तरी खाली फूटभर ओल अजून आहे. चुना करणारा म्हणतो, तीस वर्षं कोंडलेलं पाणी आहे, दोन उन्हाळे तरी द्या.

यंदा एप्रिलमध्ये शाकारणी करायची आहे. मागच्या खेपेला दोन माणसं मिळाली होती. त्यातल्या एकाने आता चिपळूणला नोकरी धरली, दुसरा सुतारकाकांचा पुतण्या, तो फोन उचलत नाही. मी म्हटलं, मी चढते, तारा कशा बांधल्यात मला माहीत आहे. बाबांनी नुसतं वर बघितलं. आई म्हणाली, चढ, पण आधी आजीची ती पायरी फोडून घे, शिडी तिथेच लावावी लागते.